‘परूशीपणा’ म्हणावे की ‘ढोंग’?

एका वाचकांनी विचारले आहे की, ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळानिमित्त मंडळीच्या (चर्चच्या) मासिकात आपल्याच ख्रिस्ती समाजातील दुटप्पी वागण्यावर लेख लिहायचा असेल, तर ‘भोंदूपणा’, ‘दांभिकता’, ‘परूशीपणा’ (येशूने ज्यांना ढोंगी म्हटले त्या परूश्यांवरून आलेला शब्द) आणि ‘ढोंग’ यांपैकी कोणता शब्द घ्यावा.

‘भोंदू’ येथे बसत नाही. तुकोबांच्या ‘ऐसे कैसे झाले भोंदू’ या अभंगापासून आजच्या बातम्यांपर्यंत हा शब्द जाणूनबुजून लोकांना नाडणाऱ्याला लागतो, आणि रविवारी नेमाने उपासनेला जाणारा सामान्य माणूस बहुधा तसा नसतो. ‘दंभ’ अर्थाने जवळचा आहे. गीतेच्या सोळाव्या अध्यायात आसुरी संपत्तीची यादी त्यापासूनच सुरू होते. मात्र बोलण्यात तो जड वाटतो आणि त्याचा रोख दिखाऊपणावर अधिक असतो.

मराठी बायबलने ‘ढोंगी’ निवडला, तो मला नेमका वाटतो. मूळ ग्रीक ‘हुपोक्रितेस’ म्हणजे रंगभूमीवरचा नट, आणि आपल्याकडे ढोंग व सोंग हे शब्द जोडीनेच येतात. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या सातव्या अध्यायात, दुसऱ्याच्या डोळ्यातले कुसळ शोधणाऱ्याला येशू ‘अरे ढोंग्या’ म्हणतो. (कुसळ-मुसळाचे हे यमक मराठीला छान साधले आहे.) ही हाक एकवचनी आहे आणि ती समोर बसलेल्या ऐकणाऱ्यालाच आहे.

‘परूशीपणा’ला माझी हरकत इथेच आहे. तो शब्द वापरला की दोष आपोआप दुसऱ्या धर्माच्या, दोन हजार वर्षांपूर्वीच्या माणसांच्या माथी जातो. परूशी हा यहुद्यांमधला एक पंथ होता आणि पुढचा रब्बींचा यहुदी धर्म बव्हंशी त्याच परंपरेतून वाढला. अलिबागकडच्या, घरात मराठी बोलणाऱ्या बेने इस्राएल शेजाऱ्याने आपला लेख वाचला, तर त्याला काय वाटेल? आत्मपरीक्षणासाठी निघालेल्या लेखाने दुसऱ्याचे नाव शिवीसारखे वापरणे मला विसंगत वाटते.

शिवाय नव्या करारात हा आरोप परूश्यांपाशी थांबत नाही. गलतीकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात प्रेषित पौल तो थेट येशूचा शिष्य पेत्र याच्यावर ठेवतो. अंत्युखियात पेत्र परजातीय, म्हणजे यहुदी नसलेल्या, विश्वासणाऱ्यांच्या पंगतीला जेवत असे. यरुशलेमेहून तिथल्या मंडळीचा पुढारी याकोब याच्याकडची यहुदी माणसे आल्यावर मात्र तो त्यांच्या भीतीने वेगळा बसू लागला, आणि त्याच्या मागोमाग पौलाचा सहकारी बर्णबाही वाहवला. पौल याला ढोंग म्हणतो. मराठी वाचकाला त्यात पंक्तिभेद ओळखू येईल, आणि तो आपल्या घरातलाच आहे. कलकत्त्याचे बिशप डॅनिएल विल्सन यांनी 1833 मध्ये मंडळीत जातिभेद पाळायचा नाही असा आदेश काढला. त्यानंतर पावणेदोनशेहून अधिक वर्षांनी, 2016 मध्ये, भारतातील कॅथलिक बिशपांना दलित सक्षमीकरणाचे धोरण जाहीर करून चर्चमधल्या भेदभावाची कबुली द्यावी लागली. ‘ख्रिस्तात सर्व एक’ असे वेदीवरून म्हणायचे आणि मुलीचे स्थळ पाहताना मूळ जात हळूच विचारायची, याला ‘ढोंग’ हाच शब्द हवा.

शीर्षकात ‘आमचे ढोंग’ असे नाम घ्यावे; ‘ढोंगीपणा’ व्याकरणाने शुद्ध असला तरी त्या प्रत्ययाने धार बोथट होते. लेखात विशेषण लागेल तेथे ‘दुटप्पी’ चालेल, पण ते उक्ती आणि कृती यांतल्या अंतरापुरतेच.