आधी पाणी मोज

प्रिय मित्रा,

तुझ्या पक्ष्यांच्या तळ्याचा नकाशा दोन दिवस टेबलावर पसरून बघतोय. प्रवेशद्वार, माहिती केंद्र, लाकडी पायवाट, मनोरा, सगळं मन लावून रंगवलंयस. पाणी मात्र नुसतंच निळं! कुठे गुडघाभर, कुठे घोट्याएवढं, कुठे उन्हाळ्यात जमिनीला भेगा पडतात, याची एक रेघ नाही.

तेव्हा फाटकाआधी एक काम कर. सेंटिमीटरच्या खुणांची पट्टी सगळ्यात खोल जागी रोव आणि वर्षभर दर आठवड्याला आकडा लिहून ठेव. पाणी कुठून येतं, कुठून निघून जातं, वाटेत कुणाचं सांडपाणी मिसळतं, तेही चालत जाऊन बघ. वर्ष फुकट गेल्यासारखं वाटेल. वाटू दे.

मी हे केलं नव्हतं. माझ्या पहिल्या तळ्यात ‘पाणी टिकलं पाहिजे’ या एकाच ध्यासापायी सगळीकडे सारखंच दोन मीटर खोदून घेतलं, काठ भिंतीसारखे उभे. पाणी टिकलं. आले ते पाणकावळे. उथळ पाण्यात चालणाऱ्या शेकाट्यांना पाय टेकायला जागाच नव्हती. हिशेब अगदी साधा होता: तुतवारासारखे छोटे पक्षी चार-पाच सेंटिमीटर पाण्यात किंवा ओल्या चिखलातच चोच चालवतात, बुडी न मारता नुसती मान खाली घालून चरणारी बदकं जेमतेम २०-२५ सेंटिमीटरपर्यंत पोचतात. म्हणजे काठ इतका पसरट हवा, की पाणी बोटभर उतरलं तरी चिखलाची नवी पट्टी उघडी पडावी. ते दुरुस्त करायला मला दुसऱ्यांदा यंत्र आणावं लागलं, आणि पैसे देणाऱ्यांसमोर मान खाली घालावी लागली ती वेगळीच.

तळं आटलं की लोक हळहळतात, टँकर आणू का विचारतात. नको. भेगांतून चिखलात हवा जाते, गाळात दबलेलं बी उगवतं आणि पुन्हा पाणी भरलं की तोच झाडोरा कुजून किड्यांचं खाद्य होतो. म्हणून बांधात फळ्यांची झडप ठेव. एक फळी काढली की पाणी तेवढंच उतरतं. फक्त विणीच्या काळात पाणी अचानक चढवू नकोस, काठावरची घरटी बुडतात. आणि कडक उन्हाळ्यात मान लुळी पडलेली बदकं दिसली तर बॉट्युलिझमची, म्हणजे जिवाणूंच्या विषाने होणाऱ्या लकव्याची, शंका घे. मेलेले पक्षी त्याच दिवशी हातमोजे घालून उचल, कारण त्यांच्यातल्या अळ्या खाऊन पुढचे पक्षी मरतात.

कुंपणाबद्दल. गुरं बाहेर काढली की निसर्ग आपोआप सावरेल, असं तू लिहितोस. १९८२मध्ये भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात चराई बंद झाली. म्हशी ज्या पाणगवताला आवर घालत होत्या, तेच माजलं आणि उथळ पाणी गुदमरलं. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या अभ्यासातून हे पुढे आलं. चराई सगळीकडेच चांगली, असं मी म्हणत नाही. पण तुझ्या जागेत आज कोण काय खातंय, हे कळेपर्यंत कुंपणाची ऑर्डर देऊ नकोस.

आता शाळकरी मुलं. माहिती केंद्राचा अर्धा खर्च काढून जाळ्या आणि पांढरे ट्रे घे. ट्रेमध्ये चतुराची अळी आली की कुणाला काही समजावून सांगावं लागत नाही. मातकट, कुरूप, जागची हलत नाही. मग समोरून डासाची अळी वळवळत जाते, आणि हिचा डोक्याखाली घडी घालून ठेवलेला खालचा ओठ चिमट्यासारखा बाहेर फेकला जातो. डोळ्याची पापणी लवते ना लवते तोच शिकार आत. मुलं किंचाळतात. तुझ्या फलकापाशी कुणी किंचाळणार नाही.

मोठ्या मुलांना वही दे. १९४६मध्ये इंग्लंडमधल्या स्लिमब्रिजला पाणपक्ष्यांचं केंद्र काढणारे पीटर स्कॉट १९६४पासून बेविक जातीच्या हंसांच्या चोचींवरचे पिवळे-काळे ठसे चितारू लागले. प्रत्येकाचा ठसा वेगळा, त्यामुळे कोण परत आलं ते ओळखता येई. तुझ्याकडे हंस नसतील. पक्षी बघायच्या एकाच खिडकीतून दर महिन्याला केलेली मोजणीही चालेल. ती खिडकी मात्र बसलेल्या मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर ठेव. आम्ही एकदा मोठ्यांच्या मापाने केली आणि मग वर्षभर पोरांना विटांवर उभं केलं.

नकाशा परत पाठवतोय. तुझी पायवाट तळ्याला पूर्ण वळसा घालते. पक्ष्यांना माणसापासून लांब सरकायला एक तरी काठ हवा, म्हणून उत्तरेची बाजू पेन्सिलीने खोडली आहे. रागावू नकोस. पहिल्या तीन महिन्यांचे आकडे पाठव, मग झडप कुठे बसवायची ते बघू.

तुझा,
काका