जावा-येझदीचं संग्रहालय बघण्यात अर्थ आहे का? आणि जुलैतली ती रॅली नेमकी कशाची असते?

संग्रहालय बघा, पण आधी रॅली बघा.

म्हैसूरला आयडियल जावा कंपनीच्या मोटरसायकलींचं उत्पादन 1961 मध्ये सुरू झालं, 1973 पासून गाडीवर येझदी नाव आलं आणि 1996 मध्ये कारखाना बंद पडला. कंपनी गेली, गाड्या राहिल्या. सुट्या भागांसाठी, जाणत्या मेकॅनिकसाठी मालक एकमेकांना धरून राहिले. जुलैच्या दुसऱ्या रविवारी गावोगावी जावा दिवसाच्या रॅलीत निघतात त्या याच गाड्या.

आता संग्रहालयाचं. वडील गेल्यावर त्यांच्या येझदी रोडकिंग मोटरसायकलचं काय करायचं, यावरून आमच्या घरात वाद झाला. दादाचं म्हणणं, "संग्रहालयाला देऊ, निदान नीट राहील." म्हणून दोघं एक खासगी संग्रह बघून आलो. तिथे अगदी तशीच रोडकिंग होती, क्रोम लखलखीत, टाकीवर एक ओरखडा नाही. आणि खाली पाटी: 'किक गहाळ'. अहो, या गाडीत किक आणि गिअरचा दांडा एकच! आत दाबायचा, वर फिरवून मागे घ्यायचा, किक मारायची. गाडी चालू झाली की तोच पुढे आणून गिअर टाकायचा. मी तिथल्या माणसाला दाखवायला गेलो तर म्हणाला, "साहेब, हात लावू नका." टाकीचं झाकण उघडून वास घ्यायची परवानगी मात्र मिळाली. या गाडीत ऑइल पेट्रोलमध्येच मिसळतात; आत पेट्रोलचा मागमूस नव्हता, ऑइलचा तर नाहीच. ते इंजिन कित्येक वर्षांत फिरलेलं नव्हतं.

अशा टू-स्ट्रोक इंजिनाला उभं राहणं मानवत नाही. क्रँकच्या, म्हणजे पिस्टनने फिरणाऱ्या दांड्याच्या, बेअरिंगला ऑइल मिळतं ते पेट्रोलमधूनच. गाडी उभी म्हणजे बेअरिंग कोरडं. मग गंज चढतो, ऑइल सील कडक होतात, कार्ब्युरेटरचे जेट चिकटतात. बाहेरून पॉलिश मारून यातलं काहीही सुधारत नाही. दादा अजूनही म्हणतो की रस्त्यावर गाडी झिजते. झिजू दे, झिजलेला भाग बदलता येतो.

तुमच्याही घरात अशी गाडी असेल तर देऊ नका, दर आठवड्याला थोडी फिरवा.

हां, जिचे भाग कुठेच मिळत नाहीत किंवा घरात चालवणारं कुणी उरलेलं नाही, ती गाडी खुशाल संग्रहालयात द्या. फक्त इंजिन चालू ठेवायची अट लेखी घ्या, आणि पाटीचा मजकूर स्वतः लिहून द्या.