हाताने केलेलं रिटर्न गिफ्ट हलकं दिसेल का?

प्रश्न : ताई, लग्नाला सात आठवडे राहिलेत, पाहुणे २४०. बजेट संपत आलंय म्हणून रिटर्न गिफ्ट घरीच करायचं ठरवलं. प्रत्येकाला साबण, मेणबत्ती आणि बिया घातलेला कागद. कागदाचे अर्धे ताव बुरशी लागून वाया गेले. होणाऱ्या सासूबाई म्हणतात, घरगुती वस्तू हलकी दिसते, लोक नावं ठेवतील. रात्री एकपर्यंत चिकटवत बसते आणि मग रडूच येतं. काय करू?

उत्तर : अगं, आधी तो गोंद बाजूला ठेव आणि आजची रात्र नीट झोप.

तुझी कल्पना चांगली आहे गं, चुकलाय तो फक्त हिशोब. एक नग गुंडाळून टॅग बांधायला ६ मिनिटं धरली तरी २४० नगांना २४ तास होतात, आणि तू तर तीन-तीन वस्तू घेऊन बसलीयस! माणशी देऊच नकोस, घरटी एक दे. यादी घे आणि एकेका घराला कंस कर, २४० माणसांची साधारण ९५ घरं निघतील, वर दहा जास्तीची धर कारण ऐनवेळी कोणीतरी वाढतंच. झाले १०५.

आता तीनातलं एकच ठेव, साबण. कागद सोडून दे, तो लगदा जाड पसरला की लवकर वाळत नाही आणि मग बुरशी तरी येते नाहीतर बिया आतच फुटतात. मेणबत्तीत वात जाड की बारीक याच्याच ट्रायल घेत बसावं लागतं, सुगंधी असेल तर ओतल्यावर आठवडा-दोन आठवडे मुरू द्यावी लागते, एवढा जीव आता तुझ्याकडे नाहीये.

साबण मात्र तयार सोप बेसचाच कर, म्हणजे नुसता वितळवून साच्यात ओतायचा तयार साबण. कॉस्टिक सोडा घालून मुळापासून करतात तो नको, त्याला हातमोजे-चष्मा लागतो आणि वापरण्याआधी चार-सहा आठवडे ठेवावा लागतो. ५० ग्रॅमची वडी धरली तर १०५ नगांना सव्वापाच किलो, तू साडेपाच घे, भांड्याला लागून थोडा जातोच. तुकडे करून गरम पाण्यावर दुसरं भांडं ठेवून वितळव, उकळू देऊ नकोस. मोल्डमध्ये ओतल्यावर वर फेसाचे बुडबुडे येतात, त्यावर लगेच सर्जिकल स्पिरिटचा बारीक फवारा मारला की फुटतात, फक्त गॅस बंद करून आणि लांब जाऊन मार. हा शेवटचा हात फिरवला ना की वडी एकदम गुळगुळीत निघते.

आणि मोल्डमधून काढल्या काढल्या क्लिंग फिल्ममध्ये घट्ट गुंडाळायचं, उद्यावर नाही टाकायचं. बहिणीच्या लग्नात आम्ही रात्री थकून तशाच उघड्या ठेवल्या होत्या, हवा दमट होती, सकाळी बघतो तर प्रत्येक वडीवर घाम आल्यासारखे थेंब आणि कागदी पट्ट्यांची शाई उतरलेली. या बेसमधलं ग्लिसरीन हवेतलं पाणी ओढून घेतं म्हणून होतं ते. साठ पट्ट्या परत लिहिल्या आम्ही, तुझ्यावर ती वेळ यायला नको.

आता सासूबाई. मला वाटतं त्यांनी अजून तयार वस्तू बघितलेलीच नाही, त्यांना दिसतोय तो बुरशी आलेल्या कागदाचा ढीग आणि दमलेली तू. वस्तू हलकी दिसते ती फिनिशिंगमुळे, घरी केल्यामुळे नाही. पाच वड्या कर, पूर्ण बांधून, टॅगसकट, आणि त्यांच्या हातात दे, पटवत बसू नकोस. वास कुठला ठेवायचा हे त्यांना विचार आणि त्या म्हणतील तोच खरंच ठेव. तरीही नको म्हणाल्या तर पुढचं बोलणं तुझ्या नवऱ्याने करायचं, तू नाही. पैसे किती उरलेत हे त्यालाही माहीत आहे, ते आईला सांगायचं काम त्याचं.

बांधायला एकटी बसू नकोस हं. चार जणी एका दुपारी बसल्या तर तीन तासांत आटपेल. दहा-बारा वड्या बिनवासाच्या ठेव, लहान बाळ असलेल्या घरांसाठी, त्यांना वेगळ्या रंगाचा दोरा बांध म्हणजे देताना शोधाशोध नको.

या रविवारी त्या पाच ओत, आणि कशा निघाल्या ते मला कळव.