पासवर्ड बरोबर टाकूनही एक्सपी आणि विंडोज ७ एकमेकांना आत का घेत नाहीत?

तुमचा प्रश्न मला कळला तो असा. मांद्र्याच्या घरी दोन जुने पीसी, एक बाबांचा एक्सपी प्रोफेशनलवाला, त्यात जत्रेच्या नाटकांच्या संहिता आणि डोंगल (कुलपासारखा छोटा प्लग) लावल्याशिवाय न उघडणारं पानं जुळवायचं जुनं डीटीपी सॉफ्टवेअर, त्यामुळे तो मोडीत काढता येत नाही, आणि दुसरा तुमचा विंडोज ७. दोन्ही एकाच राउटरला आहेत, नेटवर्कमध्ये एकमेकांना दिसतातही. पण एक्सपीवरून ७ चं फोल्डर उघडायला गेलं की युजरनेम पासवर्ड मागतो, आणि तुमचंच वाक्य, "पासवर्ड ठेवलाच नाही तर टाकू काय?", आणि उलट ७ वरून एक्सपीत जायला गेलं की लॉगऑन फेल्युअर, युजरला रिक्वेस्टेड लॉगऑन टाइप दिलेला नाही असा मेसेज. वर कोणीतरी सांगितलं म्हणून दोन्हीकडचा फायरवॉल बंद करून बसलायत.

फायरवॉल आधी चालू करा. मी फोंड्यात जुने पीसीच दुरुस्त करतो आणि हा फायरवॉल बंद करण्याचा सल्ला ऐकून कान किटलेत. अहो, समोरचा पीसी पासवर्ड मागतोय म्हणजे तुमचं पॅकेट त्याच्यापर्यंत पोचलंय, केबल ठीक, राउटर ठीक, आयपी ठीक. फायरवॉलने अडवलं असतं तर पासवर्डचा डबा आलाच नसता, "नेटवर्क पाथ वॉज नॉट फाउंड" आलं असतं, एरर ५३. तुमचं भांडण नेटवर्कशी नाहीच, खात्याशी आहे. वर्कग्रुपचंही (घरच्या पीसींच्या गटाचं नाव) तेच, एक्सपी होम आपणहून एमएसहोम घेतो, बाकीचे वर्कग्रुप हे नाव घेतात, ते जुळलं नाही तर फार तर समोरचा पीसी यादीत दिसायला त्रास होतो, लॉगऑनचा त्याच्याशी संबंध नाही. आणि होमग्रुप नावाची गोष्ट ७ मध्ये दिसेल तिच्या नादाला लागूच नका, एक्सपीला ती कळत नाही.

आता मुद्दा. ऑफिसमध्ये डोमेन असतो, एक सर्व्हर सगळ्यांची खाती सांभाळतो, एकदा लॉगऑन केलं की सगळीकडे चालतं. घरी तसलं काही नाही, प्रत्येक पीसी आपापली खाती आपल्याजवळ ठेवतो आणि दुसऱ्याची ओळखत नाही. फोल्डर ज्या पीसीवर आहे त्याच पीसीवरचं खातं आणि त्याचाच पासवर्ड लागतो. म्हापशाच्या घराची किल्ली मडगावच्या दाराला कशी लागेल? बाबा एक्सपीवर बसून ७ चं फोल्डर उघडतायत तर खातं ७ वर हवं. बहुतेक लोक इथे ज्या पीसीसमोर बसलेत त्याचा पासवर्ड टाकत राहतात आणि "बरोबर टाकतोय तरी घेत नाही" म्हणून वैतागतात.

तुमच्या केसमध्ये त्यात आणखी एक गोम आहे ती म्हणजे रिकामा पासवर्ड. एक्सपीपासून मायक्रोसॉफ्टने असा नियम घातलाय की ज्या खात्याला पासवर्ड नाही ते खातं फक्त त्या पीसीच्या कीबोर्डसमोर बसून वापरता येतं, नेटवर्कवरून नाही. म्हणजे तुम्ही डबा रिकामा ठेवून ओके केलं तर खरं म्हणजे पासवर्ड बरोबरच दिलात, तरी ७ तुम्हाला घेणार नाही. हा नियम सिक्युरिटी पॉलिसीत बंद करता येतो आणि इंटरनेटवर अर्धे लोक तेच सांगतील, पण करू नका. तुम्ही स्वतःच लिहिलंय की वरच्या दोन खोल्या टुरिस्टांना देता आणि वायफायचा पासवर्ड भिंतीवर चिकटवलाय. त्यातला कोणीही लॅपटॉप उघडून तुमच्या बुकिंगच्या हिशोबात शिरू शकेल. त्याच कारणासाठी ७ मधलं पासवर्ड प्रोटेक्टेड शेअरिंग पण ऑफ करू नका, ऑफ केलं की चालतं हे खरं, पण चालतं सगळ्यांनाच. राउटरमध्ये गेस्ट नेटवर्क असेल तर पाहुण्यांना त्याच्यावर टाका, बहुतेक राउटरमध्ये ते घरच्या नेटवर्कपासून वेगळं राहतं.

त्यापेक्षा सरळ पासवर्ड ठेवा, दोन्ही पीसीवर. बाबांना रोज टाइप करायचा कंटाळा येईल म्हणाल तर त्याला उपाय आहे, रनमध्ये कंट्रोल युजरपासवर्ड्स२ टाइप करा (इंग्रजीत, कंट्रोलनंतर एक स्पेस), जी खिडकी येईल तिच्यात वर टिक असते की हा कॉम्प्युटर वापरायला युजरनेम पासवर्ड टाकावाच लागेल, ती काढा, तो एकदा पासवर्ड विचारून घेईल, पुढे चालू केला की सरळ डेस्कटॉप. खात्याला पासवर्ड आहे, नेटवर्कवाला नियम खूश, आणि बाबांना काही फरक पडला नाही.

मग सगळ्यात कमी डोकेदुखीची रचना ही, की बाबांचं एक्सपीवर जे खातं आहे त्याच नावाचं आणि त्याच पासवर्डचं एक खातं ७ वर बनवा, आणि तुमचं ७ वरचं खातं तसंच्या तसं एक्सपीवर. विंडोज आधी गुपचूप आपण ज्या खात्याने बसलोय त्याचंच नाव आणि पासवर्ड पुढे करून बघतो, ते समोर जुळलं की डबा येतच नाही, फोल्डर थेट उघडतं.

पण नाव जुळवताना जपून. वेलकम स्क्रीनवर जे नाव दिसतं ते खात्याचं खरं नाव असेलच असं नाही. असेंबल करून देणाऱ्याने एक्सपी टाकताना "युजर" किंवा "ओनर" असं काहीतरी खातं केलेलं असतं, नंतर घरात कोणीतरी कंट्रोल पॅनलमध्ये जाऊन ते बदलून "बाबा" करतं, पण तिथे बदलतं फक्त दाखवायचं पूर्ण नाव, आतलं लॉगऑनचं नाव "ओनर"च राहतं. नेटवर्कला तेच आतलं नाव लागतं. कमांड प्रॉम्प्ट उघडून नेट युजर टाइप करा, जी यादी येते ती खरी. एका दुकानदाराकडे हेच झालेलं, काउंटरवरचा पीसी स्क्रीनवर दुकानाचं नाव दाखवायचा आणि आत खातं होतं "टेस्ट". बिचारा दुकानाचं नाव टाकून टाकून दमला होता.

डबा आलाच तर युजरनेम नुसतं टाकू नका, आधी समोरच्या पीसीचं नाव, मग उलटी तिरकी रेघ, मग खातं असं टाका, म्हणजे कुठल्या पीसीचं खातं यात गोंधळ राहत नाही. आणि आधी चुकीचं काही टाकून "रिमेंबर"ला टिक केली असेल तर ते साठून राहिलेलं असतं आणि तुमच्या नकळत तेच पुन्हा पुन्हा पाठवलं जातं. ७ मध्ये कंट्रोल पॅनलमध्ये क्रेडेन्शियल मॅनेजर आहे, एक्सपीत युजर अकाउंट्समध्ये आपल्या खात्यावर क्लिक केलं की डावीकडे मॅनेज माय नेटवर्क पासवर्ड्स, तिथून समोरच्या पीसीचं नाव असलेली ओळ उडवा. शिवाय एकाच पीसीला एकाच वेळी दोन वेगळ्या नावांनी जोडता येत नाही, तसं झालं तर एरर १२१९ येतो, मल्टिपल कनेक्शन्सवाला, तेव्हा कमांडमध्ये नेट यूज, स्टार, तिरकी रेघ डिलीट करा किंवा सरळ रीस्टार्ट मारा.

आता उलटी बाजू, ७ वरून एक्सपी. इथे दोष सिंपल फाइल शेअरिंगचा. एक्सपीत हे चालू असलं की नेटवर्कवरून कोणीही येवो, कितीही बरोबर पासवर्ड देवो, त्याला गेस्ट (विंडोजचं पाहुण्यांसाठीचं खातं) म्हणूनच घेतलं जातं. आणि तुमच्या एक्सपीत गेस्टला नेटवर्कवरून यायला बंदी आहे, म्हणून तो लॉगऑन टाइपवाला मेसेज, एरर १३८५. म्हणजे एक नियम म्हणतो सगळ्यांना गेस्ट करा, दुसरा म्हणतो गेस्टला घेऊ नका. एक्सपी होम असता तर गेस्टलाच मोकळीक द्यावी लागली असती, कारण होममध्ये सिंपल शेअरिंग बंद करायची सोय नाही. तुमचा प्रोफेशनल आहे तर माय कॉम्प्युटर उघडा, टूल्स, फोल्डर ऑप्शन्स, व्ह्यू, आणि त्या लांबलचक यादीत अगदी तळाला जा, "यूज सिंपल फाइल शेअरिंग (रेकमेंडेड)" दिसेल, कंसातल्या शिफारशीकडे लक्ष न देता टिक काढा. आता एक्सपी प्रत्येकाला त्याच्या खऱ्या नावाने तपासेल आणि वर सांगितलेलं तुमचं खातं तिथे कामाला येईल.

टिक काढल्यावर बहुधा पुढची तक्रार येईल की "आत गेलो पण अ‍ॅक्सेस डिनाइड". घाबरू नका, ही प्रगती आहे, लॉगऑन झालंय, परवानगी नाही एवढंच. फोल्डरवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, तिथे आता दोन ठिकाणी परवानग्या असतात, शेअरिंग टॅबमध्ये परमिशन्स आणि वेगळा सिक्युरिटी टॅब, दोन्हीकडे तुमचं खातं हवं, दोन्हींपैकी जी कडक ती लागू होते. शेअरिंगमध्ये एव्हरीवनला नुसतं रीड असतं त्यामुळे फाइल उघडते पण सेव्ह होत नाही, संहितेत दुरुस्त्या करायच्या असतील तर चेंजला टिक लागेल. सिक्युरिटी टॅबच दिसत नसेल तर ती ड्राइव्ह एफएटी ३२ या जुन्या फॉरमॅटची आहे, त्यात फाइलवार परवानग्या नसतातच, मग फक्त शेअरिंगवालं बघा.

आणि एक गोष्ट जी कोणी सांगत नाही. एक्सपीच्या खाली उजव्या कोपऱ्यात घड्याळ बघा, त्यावर माउस नेऊन तारीख बघा. आपल्याकडे पावसात लाईट किती वेळा जाते ते सांगायला नको, आणि इतक्या जुन्या मदरबोर्डवरचा सीआर २०३२ सेल बहुतेक मेलेला असतो, मेन्स गेली की घड्याळ थेट कुठल्या तरी जुन्या सालावर, २००२ म्हणा किंवा २००५. विंडोज ७ आपली ओळख पटवायला एनटीएलएम व्हर्जन २ वापरतो, त्यात वेळेचा शिक्का असतो, आणि एक्सपीच्या घड्याळापेक्षा तो छत्तीस तासांहून जास्त पुढेमागे निघाला तर एक्सपी ते नाकारतो आणि मेसेज काय देतो, तर युजरनेम किंवा पासवर्ड चुकीचा. एक्सपी स्वतः मात्र जुनी पद्धत वापरतो तिच्यात वेळ नसते, म्हणून एक्सपीवरून ७ चालतं आणि ७ वरून एक्सपी नाही असा विचित्र प्रकार होतो आणि माणूस पासवर्ड बदलून बदलून वेडा होतो. एवढा मोठा फरक असला तर एक्सपीचा इंटरनेट टाइमपण तो जुळवून घेत नाही, पंधरा तासांच्या वर गेलं की सोडून देतो, तारीख हाताने घालावी लागते. सेल नवा टाका, स्वस्त असतो, घड्याळाच्या दुकानातही मिळतो, फक्त पीसीची वायर काढून मगच हात घाला आणि लिहिलेली बाजू वर ठेवा.

रजिस्ट्रीत जाऊन एलएम कॉम्पॅटिबिलिटी लेव्हल (ओळख पटवायची कुठली पद्धत चालेल ते ठरवणारी सेटिंग) बदला असंही कोणी सांगेल. एक्सपी आणि ७ या जोडीला, मुळातलं कोणी बदललं नसेल तर, त्याची गरज नाही, ७ जुनी पद्धत अजून स्वीकारतो. विंडोज ९८ असता तर वेगळी गोष्ट.

एक्सपीचा सपोर्ट ८ एप्रिल २०१४ ला संपला आणि ७ चा १४ जानेवारी २०२० ला, तेव्हा बाबांचा पीसी इंटरनेटपासून तोडलेला बरा, संहिता टाइप करायला नेट लागतच नाही. त्यासाठी केबल काढायची गरज नाही, एक्सपीला हाताने आयपी द्या, समजा १९२.१६८.१.५०, सबनेट मास्क २५५.२५५.२५५.०, आणि डिफॉल्ट गेटवे व डीएनएसच्या जागा रिकाम्या ठेवा. घरातले पीसी त्याला भेटतील, बाहेरचं जग नाही. फक्त तुमचा राउटर १९२.१६८.०ने सुरू होत असेल तर आयपीही तसाच द्या. उद्या घरात नवा लॅपटॉप आला तर तो एक्सपीशी बोलणार नाही, एक्सपीला एसएमबीचं (फाइल शेअर करायची विंडोजची भाषा) पहिलं व्हर्जनच येतं आणि २०१७ च्या वॉनाक्राय व्हायरसनंतर नव्या विंडोजमध्ये ते बंदच येतं, ते मुद्दाम चालू करू नका, फाइल ७ मार्गे न्या.

एवढं करून अडलं तर फोल्डरवर डबल क्लिक करत बसू नका, कमांड प्रॉम्प्टमध्ये नेट यूज, मग समोरच्या पीसीचा आयपी आणि शेअरचं नाव देऊन बघा, तिथे एररचा नंबर मिळतो. ५ म्हणजे परवानगी, ५३ म्हणजे पोचतच नाही, १३२६ म्हणजे नाव, पासवर्ड किंवा घड्याळ, १३२७ म्हणजे रिकामा पासवर्ड, १३३१ म्हणजे खातं बंद. नंबर आणि कुठल्या पीसीवरून कुठे जात होतात ते खाली लिहा, आणि दोन्हीकडचं नेट युजरचं आउटपुट पण टाका, पासवर्ड सोडून.