वाचकांचे प्रश्न : चीनचे आरमार मागे का फिरले?

प्रश्न : आमच्याकडच्या कापसाच्या गाठी जहाजाने चीनला जातात, असे जिनिंगवर ऐकतो. एके काळी प्रचंड आरमार बाळगणाऱ्या चीनने समुद्राकडे पाठ का फिरवली?
— एक शेतकरी वाचक, दारव्हा तालुका, जि. यवतमाळ

उत्तर : १४०५ ते १४३३ या काळात ‘झेंग हे’ नावाच्या चिनी आरमारप्रमुखाच्या नेतृत्वाखाली सात मोहिमा निघाल्या, पहिलीच मोहीम सुमारे २७,००० माणसांसह कालिकतपर्यंत आली होती. मात्र हा सारा खटाटोप नफ्यासाठी नव्हता, तर सम्राट योंगलचा दरारा बसवण्यासाठी सरकारी खजिन्यातून चालला होता; त्यामुळे १४२४ मध्ये सम्राटाचे निधन झाल्यानंतर, मंगोलांशी झुंजणाऱ्या उत्तर सीमेसाठी पैसा हवा असलेल्या दरबाऱ्यांचे पारडे जड झाले. शिवाय राजधानी बीजिंगला लागणारे धान्य आता देशांतर्गत, दुरुस्त केलेल्या महाकालव्यातून येत असल्याने समुद्राची निकड उरली नव्हती.

तथापि ‘पाठ फिरवली’ हे दरबारापुरतेच खरे मानावे. चिनी व्यापारी मुळातच पट्टीचे दर्यावर्दी होते : च्वानझोऊ बंदराजवळ १९७४ मध्ये उकरून काढलेल्या तेराव्या शतकातील जहाजात आडव्या फळ्यांनी पाडलेले तेरा कप्पे होते, म्हणजे एकात पाणी शिरले तरी जहाज तरावे, आणि आत मिरी व सुगंधी लाकूड सापडले. खासगी समुद्रव्यापारावर बंदी असतानाही फूच्येन या किनारी प्रांताचे व्यापारी चोरून जातच राहिले, अखेर १५६७ मध्ये ती बंदी शिथिल करावी लागली आणि पुढे मनिलामार्गे अमेरिकेतील चांदी चीनमध्ये येऊ लागली.