एनबीएमध्ये ३० फुटांपलीकडच्या शॉट्सची आकडेवारी कुठे आणि कशी शोधायची?

तुम्ही विचारलंय की एनबीएमध्ये, म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगमध्ये, ३० फूट किंवा त्याहून लांबून कोण किती शॉट मारतो आणि त्यातले किती पडतात, हे कुठे पाहायला मिळेल. आकडे आहेत, बरेचसे फुकट आहेत आणि १९९६-९७ च्या मोसमापासूनचे आहेत. खरी अडचण पुढे येते. ३० फुटांपलीकडे दोन वेगळ्या जातीचे शॉट एकाच रकान्यात बसतात. पोर्टलंडच्या डेमियन लिलार्डने २३ एप्रिल २०१९ ला ओक्लाहोमा सिटीविरुद्ध ३७ फुटांवरून मारून प्लेऑफची (मोसमानंतरच्या बाद फेरीची) मालिका संपवली, तो ठरवून मारलेला शॉट. क्वार्टर संपताना आपल्याच अर्ध्या मैदानातून भिरकावलेला चेंडू, म्हणजे हीव्ह, हा दुसरा. हे दोन वेगळे केल्याशिवाय लांबच्या शॉटच्या टक्केवारीला काही अर्थ राहत नाही.

आधी अंतरं पक्की करू. एनबीएची थ्रीची रेषा (जिच्या बाहेरून मारलेल्या शॉटला तीन गुण मिळतात) कमानीवर रिंगच्या मध्यापासून २३ फूट ९ इंच आणि कोपऱ्यात २२ फूट आहे. मैदान ९४ फूट लांब, रिंगचा मध्य बेसलाइनपासून (मैदानाच्या टोकाच्या रेषेपासून) ५ फूट ३ इंच आत, म्हणून समोरून मोजली तर मध्यरेषा ४१ फूट ९ इंचांवर येते. मैदानाच्या कडेला तीच मध्यरेषा रिंगपासून साधारण ४८ ते ४९ फूट पडते. त्यामुळे ‘४२ फुटांपुढचं सगळं मध्यरेषेपलीकडचं’ असं धरू नका.

झटपट उत्तर हवं असेल तर एनबीएच्या अधिकृत संकेतस्थळावर स्टॅट्स विभागात जा, ‘प्लेयर्स’मध्ये ‘शूटिंग’ उघडा आणि ‘डिस्टन्स रेंज’ बदला. पाच-पाच फुटांचे गट, आठ-आठ फुटांचे गट किंवा मैदानाचे विभाग असे तीन पर्याय मिळतात. विभागांत ‘बॅककोर्ट’ (आपलं अर्धं मैदान) वेगळा असतो, तो हीव्हच्या अंदाजाला बरा पडतो. ‘पर मोड’ मात्र ‘टोटल्स’वर ठेवा. सामन्यागणिक सरासरीत लांबचे शॉट ०.१ किंवा ०.० असे दिसतात आणि त्यातून काहीच कळत नाही.

या गटांवर फार विसंबू नका. २० ते २४ फुटांच्या गटात लांबचे दोन गुणांचे शॉट, कोपऱ्यातले थ्री आणि रेषेला चिकटून मारलेले थ्री असे तिन्ही येतात. २५ ते २९ चा गट तुलनेने स्वच्छ आहे, तिथे जवळजवळ सगळे कमानीवरचेच थ्री असतात.

बास्केटबॉल रेफरन्स या आकडेवारीच्या संकेतस्थळावर प्रत्येक खेळाडूच्या पानावर ‘शूटिंग’ नावाचं कोष्टक असतं. त्यात शॉटचं सरासरी अंतर, कोपऱ्यातल्या थ्रीची टक्केवारी आणि शेवटी हीव्हचे प्रयत्न व यश स्वतंत्र दिलेले असतात. एका खेळाडूपुरतं पाहायचं असेल तर हे कोष्टक सर्वांत सोयीचं. अंतराची हद्द स्वतः ठरवून शोधायचं असेल तर त्यांची स्टॅटहेड ही शोधसेवा लागते, आणि तिला वर्गणी भरावी लागते. क्लीनिंग द ग्लास हे आकडेवारीचं संकेतस्थळही वर्गणीचंच. ते हीव्ह आणि निकाल लागून गेल्यानंतरची मिनिटं आधीच गाळून टाकतं.

खरं काम करायचं असेल तर प्रत्येक शॉटची नोंद उतरवून घ्या. पायथनमध्ये ‘एनबीए एपीआय’ नावाचं मोफत पॅकेज आहे, त्यातलं ‘शॉट चार्ट डिटेल’ वापरायचं. खेळाडू आणि संघ दोन्हींचा क्रमांक ० दिला की सगळ्या लीगचे शॉट येतात. इथे बहुतेक जण एकाच जागी फसतात: ‘कॉन्टेक्स्ट मेजर’ मुळात गुणांवर लावलेलं असतं, त्यामुळे फक्त पडलेले शॉट हाती येतात आणि प्रत्येकाची टक्केवारी १०० दिसते. ते ‘एफजीए’ (शॉटचे एकूण प्रयत्न) करा. उतरवलेली माहिती बरोबर आहे का, हे तपासायला स्टीफन करीचा २०१५-१६ चा नियमित मोसम घ्या. ८८६ प्रयत्नांत ४०२ थ्री आले पाहिजेत. प्लेऑफ वेगळे मागवावे लागतात, आपोआप येत नाहीत. विनंती नुसतीच लटकून राहिली तर ब्राउझरसारखे हेडर पाठवा आणि दोन विनंत्यांमध्ये थोडा वेळ जाऊ द्या.

आलेल्या माहितीत अंतराचा रकाना पूर्ण फुटांत असतो, पुढचा अपूर्णांक छाटलेला. म्हणून ‘२३’ लिहिलेल्या शॉट्समध्ये दोन गुणांचेही असतात आणि तीन गुणांचेही. शॉटचा प्रकार वेगळ्या रकान्यात पाहा. अचूक अंतर हवं तर एक्स आणि वाय घ्या. दोन्ही फुटाच्या दहाव्या भागात असतात आणि शून्य रिंगच्या मध्यावर असतो. दोघांच्या वर्गांची बेरीज, तिचं वर्गमूळ, भागिले १०.

हीव्ह गाळायला माझ्या मते सर्वांत समर्थनीय गाळणी म्हणजे लीगची स्वतःची. २०२५-२६ पासून पहिल्या तीन क्वार्टरच्या शेवटच्या ३ सेकंदांत, ३६ फूट किंवा त्याहून लांबून मारलेला आणि बॅककोर्टमध्ये सुरू झालेल्या चालीतला शॉट चुकला, तर तो संघाच्या नावावर जातो, खेळाडूच्या नाही. जुन्या मोसमांना ३ सेकंद आणि ३६ फूट या दोन अटी लावा. चाल कुठून सुरू झाली ते शॉटच्या नोंदीत नसतं, पण तेवढ्याने फार बिघडत नाही. चौथ्या क्वार्टरचे शॉट मात्र वेगळे ठेवा, तिथे खेळाडू सामना जिंकायला मारत असतो. ही गाळणी न लावता २०२५-२६ ची अधिकृत टक्केवारी आधीच्या मोसमांशी ताडून पाहिली तर आधीचे खेळाडू विनाकारण कमी दिसतील.

१९९६-९७ चं वर्ष तुलनेतून काढा. १९९४-९५ पासून तीन मोसम रेषा सगळीकडे २२ फुटांवर आणली होती आणि त्यातला शेवटचा नेमका या माहितीतला पहिला मोसम आहे.

टक्केवारी छापण्यापूर्वी प्रयत्न मोजा. ५० प्रयत्नांत ३५ टक्के आले तर प्रमाण त्रुटी (केवळ योगायोगाने टक्केवारी साधारण किती मागेपुढे होऊ शकते ते) जवळजवळ ७ टक्के बिंदू असते, २०० प्रयत्नांत साडेतीनच्या आसपास. ३० फुटांपलीकडे एका मोसमात ५० प्रयत्नही फार थोडे जण करतात, म्हणून दोन-तीन मोसम एकत्र करणं भाग आहे.

१९९६ पूर्वीच्या लांबच्या शॉट्सची अंतरं बातम्यांतूनच शोधावी लागतात. नॉर्म व्हॅन लियरचा १९७७ मधला ८४ फुटांचा शॉट दोनच गुणांचा होता, कारण थ्रीची रेषा १९७९-८० मध्ये आली. त्यामुळे जुने लांबचे शॉट थ्रीच्या यादीत शोधलेत तर सापडणार नाहीत. बॅरन डेव्हिसचा १७ फेब्रुवारी २००१ चा ८९ फुटांचा शॉट मात्र या माहितीच्या काळातला आहे.