चौलकर नक्की कुठले?

प्रश्न : नमस्कार ताई, आमचं आडनाव चौलकर. तीन पिढ्या ठाण्यात आहोत, चौलला आता आमचं कोणी नाही. मुलीने नेटवर आडनाव सर्च केलं तर इस्रायलमधले चेऊलकर निघाले, शिवाय हिंदी सिनेमातले डेव्हिड पण चेऊलकरच होते म्हणे. आमच्याकडे गणपती येतो, नवरात्रात घट बसतात. मग हे लोक आमचे भाऊबंद का? आमचे पूर्वज ज्यू होते का? यावरून घरात दोन तट पडलेत. – एक वाचक, ठाणे

उत्तर : घरातलं भांडण आधी मिटवा, कारण दोन्ही तटांचं थोडं थोडं चुकतंय. 'कर' लागलेलं आडनाव रक्ताचं नातं सांगत नाही, जातधर्म तर नाहीच नाही, ते फक्त गाव सांगतं. चौलहून निघालेला कोणीही चौलकर, मग तो सोनार असो, माळी असो नाहीतर बेने इस्रायली, म्हणजे कोकणातला मराठी बोलणारा ज्यू. चौल आणि चेऊल हे एकाच गावाचे दोन उच्चार, तेव्हा स्पेलिंगवरून पण काही ठरवू नका.

आणि गाव कुठलं तर अलिबागजवळचं चौल! अहो हजार वर्षांपूर्वी अरब प्रवासी ज्याला सैमूर म्हणायचे ते हेच बंदर, अल मसूदी दहाव्या शतकाच्या सुरुवातीला इथे येऊन गेला, पुढे पोर्तुगीज आले, रेवदंड्याचा कोट त्यांचाच, आणि खाडीपलीकडच्या कोर्लईत अजूनही पोर्तुगीजमिश्रित बोली घराघरात बोलतात. अशा ठिकाणी नाना जातीधर्माची माणसं शेजारी शेजारी राहिली. 1740 मध्ये मराठ्यांनी पोर्तुगीजांकडून हा मुलूख घेतला, तोवर बंदराचे दिवस सरलेच होते आणि व्यापार मुंबईकडे वळत होता. पोटामागे माणसंही निघाली, आणि जाताना सगळ्यांनी एकच गाव नावाला बांधून नेलं.

आता बेने इस्रायलींबद्दल सांगते, कारण मला हा विषय फार जवळचा वाटतो. त्यांच्यात सांगतात की पूर्वजांचं गलबत अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याला फुटलं, त्यातून वाचलेल्या सात जोडप्यांपासून समाज वाढला. नवगावला त्यांची जुनी दफनभूमी आहे. कुलाबा जिल्ह्यात, म्हणजे आताच्या रायगडात, ते गावोगाव तेलघाणे चालवायचे आणि शनिवार हा ज्यूंचा विश्रांतीचा वार, त्या दिवशी घाणा बंद, म्हणून गावकरी त्यांना 'शनवार तेली' म्हणायचे. बघा, नाव सुद्धा गावानेच दिलं. घरात मराठी बोलायचे, नावं पण मराठी वळणाची, सॅम्युएलचं सामाजी, आयझॅकचं इसाजी. आडनावं वाचली तर रायगडचा नकाशाच उभा राहतो : किहीमकर, पेणकर, रोहेकर, झिराडकर, नवगावकर.

अठराव्या शतकात ते मुंबईला जायला लागले, बरेचसे ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेत शिरले. त्यातलेच सामाजी हसाजी दिवेकर, म्हणजे सॅम्युएल इझिकेल दिवेकर. ते टिपूच्या कैदेत सापडले होते, सुटून आले आणि 1796 मध्ये मांडवीला मुंबईतलं पहिलं सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, बांधलं. 1948 नंतर समाजातले बहुतेक जण इस्रायलला गेले, लोद, अश्दोद, बीरशेबा, दिमोना अशा गावांत राहिले, काहींनी तिकडे आडनाव हिब्रू केलं, पण कितीतरी घरांत ते 'कर' आजपण शाबूत आहे. समुद्रापार दोन पिढ्या काढूनही दारावर पेणचं नाव! मला खरंच भरून येतं.

तेव्हा तुमचे पूर्वज ज्यू होते असं नुसत्या आडनावावरून म्हणता येत नाही, आणि ते चेऊलकर परके असंही म्हणू नका, ते तुमचे गाववाले आहेत. भाऊबंदकी तपासायची तर कुळाचार, कुलदैवत आणि गोत्र बघा. घरातल्या सगळ्यात वयस्क आत्याला विचारा की देवीला कुठे जायचे, ते उत्तर आडनावापेक्षा जास्त बोलतं. नाशिक-त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत पिढ्यांची नावं सापडतात, आणि अलिबाग तहसीलमध्ये जुने फेरफार, कोतवाल बुकातल्या जन्ममृत्यूच्या नोंदी. जुनं बरंच मोडी लिपीत असतं म्हणून वाचणारा माणूस सोबत न्या, नाहीतर हेलपाटाच होतो.

प्रश्न : आम्ही पेणकर. मागच्या महिन्यात मुद्दाम पेणला गेलो तर तिथे पेणकर म्हणून कोणी भेटेचना! आडनाव खोटं आहे का? – एक वाचक, डोंबिवली

उत्तर : नाही हो, उलट खरं असल्याचीच खूण आहे. पेणमध्ये सगळेच पेणचे, तिथे एकाला पेणकर म्हणून काय कळणार? गाव सोडल्यावरच नवीन ठिकाणी लोक विचारतात कुठले, आणि ते उत्तर नावाला चिकटतं, मग पलटणीच्या यादीत, गिरणीच्या हजेरीपटावर, शाळेच्या दाखल्यावर तेच पक्कं होतं. मागे राहिलेले भाऊबंद पेणला असतील, पण त्यांचं आडनाव वेगळं असणार, धंद्यावरून नाहीतर हुद्द्यावरून पडलेलं. म्हणून पेणकर शोधू नका. आजोबांच्या आधीचं घर कुठल्या आळीत होतं, एखादा जमिनीचा तुकडा होता का, ते काढा, त्या सातबाऱ्याचे जुने उतारे मागे मागे बघत जा आणि आज त्यावर कोणाची नावं आहेत तेही बघा.